हिब्रूचा फोटो काढून चिकटवा म्हणे!

लोदचा रेवदंडेकर
परवा लग्नपत्रिकांच्या गप्पांत छपाईची पानं लावणारे जुळारी यांनी एक वाक्य टाकलं, "हिब्रू-मराठी एकत्र असेल तर हिब्रूचं चित्र करून पाठवा, टाइप करून आमचं डोकं खाऊ नका." दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही. आमच्या बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) घराण्याची पुस्तिका करतोय, ६४ पानं, रेवदंड्याहून निघालेली माणसं इस्रायलमधल्या लोदपर्यंत कशी आली ते, मजकूर मराठी आणि दर दोन ओळींनी हिब्रू नावं, थडग्यांवरचे लेख, प्रार्थना. आता या सगळ्याचे फोटो काढून चिकटवत बसू? मग एखादं नाव शोधायचं तर सापडणार नाही, एक निकुद (स्वराची खूण) चुकलं तर अख्खं चित्र परत करा, आणि नातू मोबाइलवर मोठं करून बघतो तर अक्षरं फुटलेली. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते ही काय काल कळलेली गोष्ट आहे का. फाइलमध्ये अक्षरं वाचायच्या क्रमानेच साठतात, ओळीत कुठलं कुठे मांडायचं ते सॉफ्टवेअरचं काम, युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्या कम्प्युटरवर कशा ठेवायच्या त्या मानकाने, त्याचे नियम कधीच लिहून ठेवलेत. वर्डमध्ये कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट दाबली की पॅरेग्राफची दिशा बदलते, डावीकडची दाबली की परत सरळ. झालं. एवढं ऑपरेटरला शिकायचं नसेल तर तसं सांगा, हिब्रूला कशाला दोष देता.

जुळारी
तसं सांगतो. नाही शिकायचंय. पंचवीस वर्षं डीटीपी करतोय, आणि तुमच्यासारखेच एक गिऱ्हाईक आलं होतं, लग्नपत्रिका, वर 'शालोम' हिब्रूत, खाली मराठी. फाइल त्यांनीच टाइप करून पेनड्राइव्हवर दिली. त्यांच्याकडे झकास दिसत होती. माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये उघडली आणि अक्षरं उलटी झाली. मला काय कळणार, मला अलेफ काय आणि बेत काय, सगळी नक्षीच. प्रूफ पाठवलं तर मुलाच्या काकांनी मोबाइलवर बघून अंगठा दाखवला. ३०० पत्रिका छापल्या, कागद जाड, सोनेरी शाई. मग मुलीची आजी म्हणाली, हे काय लिहिलंय. सगळ्या परत, माझ्या खर्चाने. चित्र असतं तर उलटलं असतं का? नसतं. चित्र जसं दिलं तसं छापतं. युनिकोडचे नियम तुमच्या फाइलला माहीत असतील हो, ते माझ्या मशीनला कोण सांगणार.

टिंबटिंब
दोघंही अर्धं अर्धं बोलताय.
रेवदंडेकर, कंट्रोल-शिफ्टने "झालं" होत नाही. तुमचा पॅरेग्राफ मराठी, म्हणजे डावीकडून. त्यात हिब्रू शब्द टाकला आणि लगेच इंग्रजी आकड्यात साल टाकलं की ते साल हिब्रूच्या पुढे न राहता उडी मारून शब्दाच्या डावीकडे जातं, कारण इंग्रजी आकडे दिशेच्या बाबतीत लेचेपेचे, जो शेजारी त्याच्या मागे जातात. गंमत म्हणजे मराठी आकडे तसे नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी आकडा अक्षरासारखाच पक्का डावीकडून उजवीकडे, त्यामुळे जागचा हलत नाही. पूर्णविराम आणि कंस तर बिनदिशेचे, हिब्रू वाक्याचा पूर्णविराम मराठी पॅरेग्राफात वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलेला मी शंभरदा बघितलाय. त्यासाठी न दिसणारी दिशाखूण असते, आरएलएम, ती पूर्णविरामानंतर टाकायची. शिवाय वर्ड टाइप करताना कुठला कीबोर्ड चालू होता तेही लक्षात ठेवतं, म्हणून तीच फाइल दुसरीकडे उघडली की वेगळी दिसू शकते.
आणि जुळारी, तुमचं मशीन जुनं हा हिब्रूचा गुन्हा नाही. जुन्या फाँटांत केलेलं मराठी म्हणजे कम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरांचा लगदा. तुम्ही मराठीचंही चित्रच करताय, फक्त कबूल करत नाही.

जुळारी
आमच्या जुन्या फाँटांवर बोलायचं काम नाही. महाराष्ट्रातली निम्मी पुस्तकं त्यांच्यावर निघाली आहेत आणि जोडाक्षरं तुमच्या मंगल फाँटपेक्षा लाखपटीने देखणी आहेत.

टिंबटिंब
देखणी आहेत, मान्य. तो लगदा कॉपी करून इथे पेस्ट करा बरं.

आशदोदची आत्या
तुमचं ते डावं उजवं राहू दे बाजूला. रेवदंडेकर, पुस्तिका वाचणार कोण? हिब्रू वाचणाऱ्या नातवाला मराठी येत नाही आणि मराठी वाचणाऱ्या म्हातारीला हिब्रू येत नाही. माझ्या आईने सगळ्या प्रार्थना देवनागरीतून म्हटल्या, वहीत लिहिलेल्या, एक हिब्रू अक्षर ओळखत नव्हती पण एकही शब्द चुकत नव्हता. सरळ हिब्रू देवनागरीत लिहा, ना शब्द उलटायचे ना चित्र लागायचं. शब्बाथ, पेसाह, हनुका, सणवारांची सगळी नावं येतात आपल्या लिपीत.

दिमोनाचा
आत्या, हनुका नाही, खनुका. चाळीस वर्षं इथे राहतो, कोणी हनुका म्हणत नाही. पेसाख म्हणा. पुस्तिका छापायची तर उच्चार तरी बरोबर छापा, पोरं हसतात.

आशदोदची आत्या
हसू देत. मुंबईत १७९६ पासून शार हरहमीम सिनेगॉग आहे, त्याला कोणी हरखमीम म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपले वाडवडील चुकीचे आणि विमानातून उतरल्यावर शिकलेलं तेवढं बरोबर?

दिमोनाचा
वाडवडिलांना मध्ये आणू नका. माझे पण वाडवडील अलिबागचेच, तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेलीच. उच्चाराचं बोलतोय.

टिंबटिंब
दोन्हीकडे एक अक्षर बुडतंच. हनुकातलं पहिलं हिब्रू अक्षर 'खेत', त्याला ह लिहिलं तर ते 'हे' अक्षरात मिसळतं, ख लिहिलं तर बराखा (आशीर्वाद) मधल्या 'खाफ'मध्ये मिसळतं. देवनागरीतून परत हिब्रू करायला गेलात तर स्पेलिंग सापडणार नाही. अलेफ आणि आयिनचं तर बोलूच नका, दोघांना एकच अ. ख खाली नुक्ता (टिंब) द्या, वेगळं राहील.

आशदोदची आत्या
नुक्ता हिंदीवाल्यांना लखलाभ. माझ्या आईच्या वहीत नुक्ता नव्हता.

दिमोनाचा
तुमच्या आईच्या वहीवर पुस्तिका छापायची का मग?

आशदोदची आत्या
हो. आणि तोंड सांभाळून बोला.

जुळारी
वा. टाइप करायला निघाली होती मंडळी, अजून कुठलं अक्षर टाइप करायचं ते ठरेना. चित्र करा म्हणतो ते उगाच नाही.

लोदचा रेवदंडेकर
जुळारी, तुम्हाला मजा येतेय. पण एक सांगा, पुण्यातच १८७४ साली हिब्रू-मराठी हागादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) निघाली, मत्झा (बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायका साडीतल्या दाखवल्यात, बाजूला हिब्रू, बाजूला मराठी. दीडशे वर्षांपूर्वी तुमच्याच गावात जमलं आणि तुम्हाला आज जमत नाही?

जुळारी
हे बरं काढलंत. शिळाछापाचं वेड आहे मला. त्याच्याही आधीची, १८४६ ची मुंबईची मराठी भाषांतरवाली हागादा शिळाछापाची आहे. म्हणजे काय, तर माणसाने हाताने लिहायचं आणि दगडावरून जसंच्या तसं छापायचं. म्हणजे चित्रच की हो!

टिंबटिंब
हे मात्र बिनतोड. (एवढंच. बाकी मतं कायम.)

लोदचा रेवदंडेकर
हसलो, कबूल. पण त्या लिहिणाऱ्याला हिब्रू येत होतं, तुमच्यासारखी नक्षी वाटत नव्हती. खरी चूक फोटो की फाइल ही नाहीच, वाचता येणारा माणूस प्रूफला नव्हता ही आहे. तुमच्या ३०० पत्रिका काकांच्या अंगठ्याने घालवल्या. आणि न वाचताही ओळखता येतं. पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं, काफ, मेम, नून, पे, त्सादी. शालोमच्या शेवटी बंद मेम येतं, चौकोनी डबीसारखं. डबी डावीकडे दिसली तर शब्द सरळ, उजवीकडे दिसली तर उलटा. शिका एवढं, फुकट आहे.

दिमोनाचा
सामेख पण डबीसारखंच दिसतं, खाली गोल एवढाच फरक. ते शब्दाच्या सुरुवातीला पण येतं. ते बघून हा माणूस बरोबर असलेलं पान उलटं म्हणून परत पाठवेल.

लोदचा रेवदंडेकर
तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने आहात?

टिंबटिंब
रेवदंडेकर, तुम्ही लिबरऑफिस वापरत असाल तर अजून एक भानगड आहे. ते लिप्यांचे तीन खण करतं, एक इंग्रजी वगैरे, एक चिनी-जपानी, आणि एक 'कॉम्प्लेक्स'. देवनागरी आणि हिब्रू दोघी एकाच खणात. म्हणजे एका स्टाइलला दोघींत मिळून फाँट एकच, मराठीला चांगला फाँट लावला की त्यात हिब्रू नसतं, मग हिब्रू कुठल्यातरी भलत्याच फाँटात उमटतं. हिब्रूसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करा, त्यात डेव्हिड किंवा फ्रँक-रूल असा हिब्रू फाँट लावा, आणि दर हिब्रू शब्दाला ती द्या. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय.

लोदचा रेवदंडेकर
६४ पानांत एकेक शब्द?

टिंबटिंब
शोधा-बदला आहे ना. मजकूर असेल तर शोधता येतो, हे तुम्हीच वर लिहिलंय.

जुळारी
बरं ऐका. पाठवा फाइल. पण सोबत पीडीएफ, फाँट आत भरलेले. माझं पान तुमच्या पीडीएफशी अक्षर न् अक्षर जुळलं नाही तर मशीन सुरू करणार नाही. हिब्रूच्या प्रूफवर सही तुमची, अंगठा चालणार नाही. आणि थडग्यांवरच्या लेखांचे फोटो टाका की, ते तर मुळात दगडावरचेच आहेत, तिथे तुम्हाला फोटो चालतो वाटतं.

लोदचा रेवदंडेकर
तो चालतो. पण खाली टाइप केलेला मजकूर पण असणार.

जुळारी
असूद्या बापडा.

लोदचा रेवदंडेकर
पहिली चार पानं पाठवली. सगळे आकडे मराठीत केलेत, एकही उडी मारत नाही. पान ३ वर एक कंस अजून उलटा आहे, टिंबटिंब, तो तुमच्या खुणेनेही सरळ होईना, बघा जरा. प्रार्थना हिब्रूत आणि खाली देवनागरीत, दोन्ही.

आशदोदची आत्या
देवनागरीत हनुका की खनुका?

लोदचा रेवदंडेकर
हनुका. दिमोनाच्या पोरांसाठी तळटीप टाकतोय.

दिमोनाचा
तळटीप??