गच्चीच्या शेडचे पत्रे: कोटेशन पास करण्याआधी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या शेडची तीन कोटेशनं आली आहेत, फोटो वर टाकलेत. तिन्हींत "कलर कोटेड पत्रा, ०.५० एमएम, निळा" असंच लिहिलंय. तिसरं सगळ्यात स्वस्त आहे. रविवारच्या सभेत ठराव करून ॲडव्हान्स देऊ. पावसाआधी काम उरकायचं आहे, तेव्हा हरकत असेल तर आत्ताच कळवा.

ए-५०१: माझी हरकत नाही, विनंती आहे. लवकर करा. गेल्या पावसाळ्यात बेडरूमच्या स्लॅबला बुरशी धरली, बाबांना दम्याचा त्रास आहे. अजून एक पावसाळा असाच काढणं शक्य नाही.

सी-१०२: तळमजल्यावाल्यांनीही यात पैसे भरायचे का? आम्हाला गच्चीचा काय उपयोग?

खजिनदार: दादा, गच्ची सर्वांची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती संस्थेने संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. खर्च दुरुस्ती निधीतून जाईल, वेगळी वर्गणी सध्या नाही.

सी-१०२: ठीक. निधीतून असेल तर माझं काही म्हणणं नाही.

बी-३०४: सेक्रेटरीसाहेब, माझं म्हणणं आहे. थोडं लांब लिहितो, सगळ्यांनी वाचावं.

मी निवृत्तीपर्यंत बोईसरकडे कलर कोटिंग लाईनवर होतो. हे पत्रे कॉईलमधून, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीतून, कसे रंगून निघतात ते रोज बघितलंय. या तिन्ही कोटेशनांत जे लिहिलंय त्यावरून कोण काय देणार ते कुणालाच सांगता येणार नाही. "०.५० एमएम" म्हणजे कसली जाडी? रंग आणि जस्त धरून की नुसत्या पोलादाची? बाजारात बहुतेक वेळा रंगासकट जाडी सांगतात, तिला टीसीटी म्हणतात. आतल्या पोलादाची जाडी म्हणजे बीएमटी. १२० ग्रॅम जस्ताच्या ०.५० टीसीटी पत्र्यात पोलाद साधारण ०.४५ मिमीच असतं. हे चालतं, फक्त ते कागदावर यायला हवं. नाहीतर ०.४० चा पत्रा ०.५० म्हणून येतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

दुसरं म्हणजे जस्त, पोलाद गंजू नये म्हणून रंगाखाली दिलेला थर. १२० ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम. एका बाजूला ६० ग्रॅम, थर जेमतेम ८.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपण वसईत राहतो, समुद्र जवळ आहे. अशा खाऱ्या हवेत उघडं जस्त वर्षाला २ ते ४ मायक्रॉन झिजतं, अगदी किनाऱ्यावर त्याहूनही जास्त. म्हणजे रंगाचा थर एकदा उडाला की चार-पाच वर्षांच्या आत पोलाद उघडं पडणार. कोटेशनमध्ये जस्ताचा ग्रॅमच नाही. कुणी १२० च्या जागी ८० चं घातलं तर आपण बोलणार कशाच्या आधारावर?

बी-२०३: काका, मग गॅल्व्हल्यूम घ्यायचं का? दुकानदार तेच सांगतात.

बी-३०४: आपल्या गच्चीसाठी हो. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. एझेड १५० म्हणजे १५० ग्रॅम, पण ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे थर एका बाजूला २० मायक्रॉनचा बसतो. साध्या जस्ताचा २७५ ग्रॅमचा थर घेतलात तरी १९ च्या आसपास. समुद्राजवळच्या छपराला एझेड १५० जास्त टिकतं, हा माझा अनुभव आहे. फक्त ओल्या सिमेंटशी त्याचं जमत नाही. पत्र्याची कड भिंतीत घुसवून वर प्लास्टर मारलं तर त्या अल्कलीने तिथूनच खायला सुरुवात होते. पॅरापेटपाशी फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पत्र्याची पट्टी, लावून सीलंट भरायचं, सिमेंट लावायचं नाही. आणि पाचव्या मजल्याच्या एसीचे तांब्याचे पाईप पत्र्याला टेकता कामा नयेत. तांब्यावरून आलेलं पाणीही पत्र्यावर सतत पडू देऊ नका.

डी-३०२: काका, रंग चांगला असला की पुरेसं नाही का? जाहिरातीत तर रंगाचीच वॉरंटी सांगतात.

बी-३०४: रंग म्हणजे तरी किती, ते ऐका. लाईनवर कॉईल उलगडते, अल्कलीच्या पाण्यात धुतली जाते, केमिकलचा हात बसतो, मग रोलरने प्रायमर, भट्टी, त्यावर वरचा रंग, पुन्हा भट्टी. पॉलिएस्टरसाठी पत्र्याचं तापमान २२० ते २३० अंशांपर्यंत चढवतात, मग पाण्याने थंड करून पुन्हा गुंडाळतात. सगळं सलग धावतं. शेवटी वरच्या बाजूला प्रायमर ५ मायक्रॉन आणि रंग १५ ते २० मायक्रॉन. बस्स. साध्या पॉलिएस्टरपेक्षा सिलिकॉन मॉडिफाइड पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं, पीव्हीडीएफ नावाचा रंग त्याहून जास्त, पण महाग. आपल्या शेडला पीव्हीडीएफची गरज मला वाटत नाही. ते पैसे खालच्या धातूच्या थरावर आणि स्क्रूवर घाला.

आणि आता जे सांगतो ते कोणताही ठेकेदार सांगणार नाही. आपली शेड चारी बाजूंनी उघडी आहे. पत्र्याच्या वरची बाजू पावसाने दर वर्षी धुतली जाते, खालची कधीच धुतली जात नाही. खारी हवा खालून येते, मीठ तिथे साचतं, दमट हवेत ओलं राहतं. नेमका तिथेच रंग सगळ्यात पातळ, ५ ते ७ मायक्रॉनचा एकच हात. किनारपट्टीवर वरून चकचकीत निळी दिसणारी शेड खालून लाल झालेली मी कितीदा पाहिली आहे. म्हणून ऑर्डरमध्ये खालच्या बाजूलाही प्रायमर आणि त्यावर रंग, मिळून निदान १० ते १२ मायक्रॉन, असं स्पष्ट मागा. कॉईलवर हे करता येतं, मागितलं तर मिळतं. आणि दिवाळीच्या आधी एकदा नळाच्या पाण्याने खालची बाजू धुवा. एवढ्याने आयुष्य वाढतं.

ए-५०१: काका, मनापासून आभार. पण या सगळ्यात काम पुढे तर जाणार नाही ना?

बी-३०४: नाही ताई, मी स्वतः बसून सुधारित मागणीपत्र आज रात्री लिहून देतो. पत्रे हव्या त्या लांबीत रोल होऊन येतात, माप पक्कं असलं की उशीर होत नाही.

बी-२०३: काका, टीसीटी-बीएमटी कळलं. पण आपण तपासायचं कसं? मायक्रोमीटर आहे माझ्याकडे, पण रंगाच्या थरासकटच मोजलं जाणार.

बी-३०४: वजन करा. पोलादाची घनता ७.८५. कॉईलची रुंदी १२२० मिमी असते, तीच दाबून पन्हाळी पत्रा होतो, म्हणजे नालीदार आकार दिला तरी लोखंड तेवढंच. ०.४५ बीएमटीचा पत्रा मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. १२ फुटी पत्रा सोळा-साडेसोळा किलो व्हायला हवा. बीएमटी ०.३५ असेल तर तोच पत्रा तेरा किलोवर येतो. काटा खोटं बोलत नाही. आधी रुंदी टेपने मोजून घ्या, कारण कॉईल कमी रुंदीची असेल तर हिशेब बदलेल. १२२० च्या कॉईलचा पत्रा नाल्या पडल्यावर सुमारे १०६० ते ११०० मिमीचा असतो.

बी-२०३: उद्या सकाळी तिसऱ्या कोटेशनवाल्याकडे जातो. गोदाम माझ्या वाटेवरच आहे.

ए-१०४: मधेच कायद्याचं एक. शेडला महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. बाजूला भिंती किंवा जाळ्या लावून बंद केलं की ते बांधकाम धरलं जाऊ शकतं. इमारत जुनी आहे, स्लॅबवर खांब कुठे बसवायचे ते इंजिनिअरनेच ठरवावं, फॅब्रिकेटरने नाही.

सेक्रेटरी: वकीलसाहेब, अर्जाचा मसुदा तुम्ही बघून द्याल का?

ए-१०४: देतो. उद्या संध्याकाळपर्यंत.

सी-४०३: वॉटरप्रूफिंगच का करत नाही? शेडचा व्याप कशाला?

सेक्रेटरी: मागे एकदा झालं आहे. दोन पावसाळ्यांत पुन्हा गळायला लागलं. तो विषय सभेत संपलाय.

डी-३०२: मी श्रीवर्धनचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या आळीतले पत्रे नारळाच्या बागांत जाऊन पडले होते. एक पत्रा उडाला की तो कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. पाच मजले वर आपण शेड टाकतोय, खाली मुलं खेळतात. पत्रा कितीही भारी घ्या, बसवणं पक्कं नसेल तर काय उपयोग? याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळही नाही.

बी-३०४: अगदी योग्य मुद्दा. वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. ओढ सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यांवर. म्हणून कडेच्या पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर, स्क्रू एकमेकांच्या जवळ हवेत, मधल्या भागात थोडे लांब चालतील. पर्लिनचं अंतर इंजिनिअरकडून लिहून घ्या. स्क्रू सेल्फ ड्रिलिंग, चांगल्या कोटिंगचे, ईपीडीएम रबराच्या वॉशरसह. स्वस्त स्क्रूचं डोकं आधी गंजतं, मग त्याच्याभोवतीचा पत्रा, आणि लोक दोष पत्र्याला देतात. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, नालीत नाही, कारण पाणी नालीतून वाहतं. वॉशर किंचित फुगेपर्यंत आवळायचा. फार आवळला तर वॉशर फाटतो, सैल राहिला तर गळतो.

पत्रे एकमेकांवर चढवताना सांध्याचं उघडं तोंड नैर्ऋत्येकडे ठेवायचं नाही. पावसाळी वारा तिकडून येतो, पाणी सांध्यात घुसतं. काम ईशान्य टोकाकडून सुरू करा आणि नैर्ऋत्येकडे सरकत या, म्हणजे वाऱ्याकडचा पत्रा वर राहील. उतार निदान ५ अंश ठेवा.

सी-४०३: फॅब्रिकेटर तर ग्राइंडरने पत्रे कापतात. मी पाहिलंय.

बी-३०४: ते अजिबात करू द्यायचं नाही. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचा रंग आणि जस्त दोन्ही जळतात. नुसत्या कापलेल्या कडेला शेजारचं जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं, जळलेल्या कडेला ते राहतच नाही. शिवाय ठिणग्या आजूबाजूच्या पत्र्यावर चिकटतात आणि पहिल्या पावसात सगळीकडे तांबडे ठिपके येतात. कात्री किंवा निब्लर (पत्रा न तापवता कुरतडत कापणारं यंत्र) वापरायचा. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढायचा. वरची प्लास्टिकची फिल्म बसवल्याबरोबर सोलायची, उन्हात राहिली तर निघत नाही. आणि गठ्ठे गच्चीवर उघड्यावर ठेवू नका. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं की पांढरा गंज धरतो, बसवण्याआधीच माल खराब.

ए-५०१: पावसात पत्र्याचा आवाज किती येईल? आमच्या डोक्यावरच आहे.

बी-३०४: येईल ताई, थोडा येईलच. स्लॅब आणि शेडमध्ये सात-आठ फूट अंतर आहे, त्यामुळे घरात फार त्रास होणार नाही. पत्र्याखाली फोमचा थर लावला तर आवाज आणि उष्णता दोन्ही कमी होतात, पण त्यात ओल अडकून खालची बाजू गंजण्याची भीती उघड्या शेडमध्ये जास्त. मी लावू नका म्हणेन. त्यापेक्षा निळ्याऐवजी पांढरट रंग घ्या, ऊन परतवतो.

खजिनदार: निळा सगळ्यांनी पसंत केला होता...

ए-५०१: माझं मत पांढरट. उन्हाळ्यात स्लॅब तापतो त्याचा त्रास आम्हालाच होतो.

(दुसऱ्या दिवशी)

बी-२०३: गोदामातून आलो. "०.५० निळा" म्हणून दाखवलेला १२ फुटी पत्रा काट्यावर टाकला. रुंदी टेपने मोजली, १०७० मिमी. वजन १३.४ किलो. काकांच्या हिशेबाने पोलाद ०.३६ मिमी. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचं नाव, जाडी, काहीच छापलेलं नाही. मालकाला मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा तपासणी दाखला, मागितलं, तर म्हणाले, "एवढ्या छोट्या ऑर्डरला कोण देतं?"

बी-३०४: छान केलंस. ऑर्डर छोटी असली तरी कॉईल मोठ्या कारखान्यातूनच येते आणि प्रत्येक कॉईलला नंबर असतो. त्या नंबराचं सर्टिफिकेट व्यापाऱ्याकडे असायलाच हवं. कारखाने आपल्या जवळच आहेत, वासिंदला आहेत, तारापूरला आहेत. माल कुठून आला ते सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

सेक्रेटरी: तिसरं कोटेशन बाद. पहिल्या दोघांना काकांचं मागणीपत्र आज पाठवतो. काका, मुख्य गोष्टी इथेही टाका, म्हणजे सभेत वाचता येतील.

बी-३०४: रंगीत एझेड १५० पत्रा, आयएस १५९६५ या भारतीय मानकाप्रमाणे. बीएमटी ०.४५, वजन करून घेणार. वर सिलिकॉन मॉडिफाइड पॉलिएस्टर, प्रायमरसह २५ मायक्रॉन, खाली प्रायमरसह निदान १०. रंग पांढरट, सगळे पत्रे एकाच बॅचचे, नाहीतर छटा बदलते. कॉईल नंबरसह टेस्ट सर्टिफिकेट. साध्या जस्ताचा पर्यायी दर दिलाच तर आयएस १४२४६, जस्त २७५ ग्रॅम, त्याखाली नको. ग्राइंडर बंद. पर्लिन आणि स्क्रूचं अंतर इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणे. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर.

डी-३०२: शेवटची ओळ फार महत्त्वाची.

खजिनदार: पांढरट रंगाला कुणाची हरकत? उद्यापर्यंत सांगा.

सी-१०२: माझी नाही. गाडी येईल त्या दिवशी पत्रे वजन करायला माणूस लागेल, मी घरीच असतो. भाजीवाल्याचा काटा चालणार नाही, दादा तुमचा लगेज काटा आहे ना?

बी-२०३: तो पन्नास किलोपर्यंत जातो, चालेल. प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक पत्रा लावू.

बी-३०४: मीही खाली उतरतो. खालची छपाई आणि कॉईल नंबर मी वाचतो, तुम्ही दोघं वजन लिहून घ्या. जुळलं तरच पत्रे वर चढवायचे.