अनुभव धागा : लोणारच्या विवरात उतरलात का कधी?

पाणभिंगरी
काल भाची गृहपाठ करत बसली होती. मधेच म्हणाली, "आत्या, उल्का आदळून तळं तयार झालं म्हणजे काय गं? तू पाहिलंयस?" तेव्हापासून डोक्यात बुलढाण्याचं लोणारच चाललंय.

आम्ही गेलो होतो थंडीत. वरून पाहिलं तर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद असा गोल खड्डा, आत गच्च झाडी आणि मधोमध हिरवं पाणी. दीडेकशे मीटर खाली उतरायचं. जसजसं खाली जाल तसतसे झाडांचे पट्टे बदलतात. आधी कोरडं रान आणि साग, मग दाट सावली, मग बाभळी, आणि शेवटी नुसता पांढुरका चिखल. तिथे झाड उगवतच नाही. वास येतो, उग्र. काहींना नको होतो, मला दहा मिनिटांनी जाणवेनासा झाला.

सोबतच्या वाटाड्या काकांनी खिशातून हळदीची पुडी काढली. कागदावर चिमूटभर चोळली, तळ्याच्या पाण्याचे चार थेंब टाकले. पिवळं होतं ते बघता बघता कुंकवासारखं लाल! पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास. खारटही आणि अल्कधर्मीही. बोटांवर चोळलं की बुळबुळीत लागतं. मासा एकही नव्हता तेव्हा या पाण्यात. जगतं ते निळं-हिरवं शैवाल, सूक्ष्म जीव आणि त्यांच्यावर पोसणारे किडे-पक्षी.

आणि काका म्हणाले ते मी विसरलेली नाही : "या तळ्याचा जीव खारात आहे. गोडं पाणी जास्त आलं की हे मेलंच समजा." मला तोवर वाटायचं की तळं आटणं हेच संकट. इथे भरणंही संकट असू शकतं.

तुम्ही गेला असाल तर लिहा. दुसऱ्या एखाद्या नाजूक पाणथळीबद्दल असेल तरी चालेल.

मेहकरकर
आमच्या शेजारचं तळं!! धागा काढल्याबद्दल आभार. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दुकानात गर्दी आहे.

सई_आजी
आम्ही गेलो तेव्हा अभयारण्यबिभयारण्य काही नव्हतं. ते २००० साली झालं. बैलगाडीतून काठापर्यंत, पुढे पायी. धारेवर, म्हणजे काठावरच्या गोड्या झऱ्यावर अंघोळ, मग खाली कमळजा देवीला. नवरात्रात तर माणसांची रांगच रांग. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. सासू कुठली आणि सून कुठली यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

पाणभिंगरी
आजी, तुमच्याकडे निकाल काय लागला मग? 😄

सई_आजी
मी सून होते तेव्हा गोड बाजू सुनेची होती. आता सासू आहे.

किरमिजी
हाहाहा आजी __/\__

टिटवी
पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी भल्या पहाटे खाली असावं. टिबुकल्या भरपूर दिसतात, बुडी मारली की कुठे वर येतील ते ओळखायचा खेळच होतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चिखलात चालत असतात. थंडीत चक्रवाक जोडीनं. क्वचित रोहित (फ्लेमिंगो) पण. वरच्या झाडीत मोर, आणि लंगूर तर विचारूच नका.

आता मनातलं. मागच्या खेपेला एक गट आला होता, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज मोठ्याने लावून पक्षी बोलावत होते. फोटो मिळाला, ते गेले. पण तो पक्षी नंतर कितीतरी वेळ अस्वस्थ होऊन हद्दीवर आलेल्या परक्याला शोधत होता. विणीच्या काळात हे करणं म्हणजे त्याची सगळी सकाळ, सगळी ताकद वाया घालवणं. कृपा करून करू नका. आणि चिखलाच्या पट्ट्यात पाय घालू नका. टिटव्या, शेकाट्या उघड्यावर अंडी घालतात, मातीच्या रंगाची. पायाखाली आली तरी कळत नाहीत.

ढोकळा
लंगूर >> त्यांना कोणी खायला देऊ नका हो. आमच्या वेळेस एकाने बाईंच्या हातातली पिशवी ओढून नेली, आत चष्मा होता.

किरमिजी
चष्मा मिळाला का परत?

ढोकळा
मिळाला, फांदीवर लटकलेला. वाटाड्याने काढून दिला.

अरण्यवाट
२०२० ची आठवण कोणीच काढली नाही? जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं! लॉकडाऊन होतं, जाता येईना, रोज फोटो बघत बसायचो. तेव्हा काय काय अफवा उठल्या. खरं कारण असं होतं : पाणी खूप कमी झालं, खार वाढला, आणि खारात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव फोफावले. त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की नमुना काही दिवस हलवला नाही तर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ झालं. म्हणजे पाणी रंगलेलं नव्हतंच, पाण्यात राहणाऱ्यांचा तो रंग होता. पाऊस पडला, तळं परत हिरवं. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत नाव आलं.

गोदाकाठ
आणि आमचं नांदूर मध्यमेश्वर पण! महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, लोणारच्या आधी 💪 गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा, गाळ साचून साचून पाणथळ झाली. या कधी डिसेंबरात.

टिटवी
गोदाकाठ, दरवर्षी येते. चापडगावच्या मनोऱ्यावर भेटू.

गोदाकाठ
नक्की. दुर्बीण आणा, माझी मुलाने पुण्याला नेली.

मेहकरकर
आलो. दुकान बंद केलं.

आमच्या आजोबाइले तळ्यातला खार काढणारे लोक आठवत होते. पापडी, भुसकी, दल्ला असे त्याचे प्रकार. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर पांढरा थर बसे. आईन-ए-अकबरीतबी या तळ्याचा उल्लेख हाये, साबण न काचेच्या मालासाठी. म्हंजे बाप्पा, माणूस आधीपासूनच या खाराच्या मागं!

पण आता उलटं चाललंय. गावातलं सांडपाणी कुठं ना कुठं उताराकडं जातेच, अन् उतार कुठं? तळ्यात. आजूबाजूच्या शेतातलं खतबी पावसासंग. काही वर्षांत पाणी लय वाढलं, काठच्या जुन्या देवळांपर्यंत चढलं. लोक म्हणतात, बरं झालं, तळं भरलं. मले नाही बरं वाटत. गोडं पाणी मिसळलं की खार पातळ होते, अन् मग दुसरीकडं कुठंही जगणारे जीव इथं येऊन बसतात. जे फक्त इथंच जगू शकतात ते जातात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याइले एवढंच सांगणं, धारेवर साबण-शाम्पू लावू नका. ते पाणी पुढं तिथंच उतरते.

पाणभिंगरी
मेहकरकर दादा, याच प्रतिसादासाठी धागा काढला होता असं वाटतंय.

बकुळफूल
बाबांबरोबर गेले होते. त्यांना उतरताना थकवा आला म्हणून दैत्यसूदनाच्या देवळात बसलो, खाली गेलोच नाही. बाबा खांबांवरचं एकेक शिल्प दाखवत लवणासुराची गोष्ट सांगत होते. पुढच्या वर्षी खाली जाऊ म्हणाले. ते मग गेलेच. धागा वाचून रडू आलं, एवढंच.

सई_आजी
बकुळ, पोरी, ये इकडे. मी येते तुझ्याबरोबर वरपर्यंत. खाली तू उतर.

बकुळफूल
❤️ आजी

अरण्यवाट
विवराच्या वयाबद्दल कोणी सांगेल का? आम्हाला बावन्न हजार वर्षं सांगितलं होतं.

किरमिजी
आधी तेच मानत. नंतर आर्गॉन पद्धतीने खडकाचं वय काढलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आलं. बरेच जण आता तेच धरतात. आणि पूर्वी तर ज्वालामुखीचं मुख समजायचे! बेसॉल्टमधल्या, म्हणजे काळ्या पाषाणातल्या खनिजाची आदळण्याच्या दाबाने काच झालेली सापडली, तेव्हा उल्का पक्की झाली. चंद्रावरच्या विवरांच्या अभ्यासाला लोणार कामी येतं ते म्हणूनच, तिथेही बेसॉल्ट खडक आहे.

ढोकळा
म्हणजे चंद्रावर जायला मेहकरवरून बस आहे 😄

टिटवी
वेडी बाभूळ राहिली. बाहेरून आणलेलं झाड, काठावर रान माजवलंय तिनं. चिखलाचा उघडा पट्टा तिने गिळला की शेकाट्यांनी जायचं कुठे? वनखात्याने काढायचं काम घेतलंय, पण मुळापासून निघाली नाही तर परत फुटते. गेलात तर दोन फोटो काढा, कुठल्या बाजूला किती आहे ते दिसेल असे. मी गोळा करतेय.

मेहकरकर
मी काढून पाठवतो ताई. रविवारी जातच असतो.

बकुळफूल
जालन्याला रेल्वेने उतरून पुढे एसटी मिळते ना? आजींना घेऊन यायचं म्हणजे पायऱ्या, उन्ह सगळं बघायला लागेल.

मेहकरकर
मिळते. पण आजीइले एसटीनं नका आणू, मी गाडी घेऊन जालन्याला येतो. तारीख कळवा फक्त. दिवाळीनंतरची ठेवा, उन्ह कमी अन् चक्रवाक आलेले असतात.

सई_आजी
तारीख सून बघून सांगेल, पंचांग तिच्याकडे असतं. डब्यात दशम्या मी करते. आता जाते, कुकरची शिट्टी झाली.