मदत हवी आहे: कमी कार्बचं चॉकलेट मूस रवाळ का होतंय?

मंडळी, आमच्या सासऱ्यांना शुगर आहे. पुढच्या रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. केक नको म्हणतात, पण चॉकलेट बघितलं की डोळे चमकतात! आणि "गुळाचं कर की, गूळ चालतो" हा हट्ट. कोल्हापुरात राहून गुळाला नाही म्हणायचं म्हणजे घरात भांडणच. पण गूळही शेवटी साखरच ना.

म्हणून परवा मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका, थंड गोड पदार्थ) करून बघितलं. 200 मिली फ्रेश क्रीम, दोन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, तीन चमचे एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड), चिमूटभर मीठ. वीस मिनिटं फेटलं तरी क्रीम फुगलं नाही. नंतर पाकीट वाचलं तर फॅट 25 टक्के. फुगायला निदान 30-35 लागतं म्हणे. तसंच फ्रीजमध्ये ठेवलं, तर सकाळी दाताखाली कचकच, आणि जिभेला पेपरमिंटसारखा गारवा. सासरे म्हणाले, "वाळू घातलीस काय गं?"

आता विचार आहे की क्रीम सोडून म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का घ्यावा, श्रीखंडासारखा, आणि त्यात कोको घोटावा. कोणी केलंय का? आंबटपणा कोकोबरोबर बरा लागतो का? एरिथ्रिटॉल मिक्सरला पीठ करून घातलं तर कचकच जाईल, की स्टीव्हिया (गोड पानांचा अर्क) मिसळून त्याचं प्रमाणच कमी करू?

आणि राजारामपुरी किंवा लक्ष्मीपुरीत 35 टक्केवालं क्रीम कुठं मिळतं, तेही सांगा. व्हिपिंग क्रीम मागितलं की दुकानदार केकवालं गोड क्रीमच पुढं करतात.