कॅम्परची नवी लिथियम बॅटरी: डिस्प्लेवर ६० टक्के, तरी इन्व्हर्टर बोंबलतो

चाकावरचं_घर
बीएस-६ ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर आहे. जुनी १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड काढून १२.८ व्होल्ट, २०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बसवली. वायरिंग मात्र जुनंच. टपावर ३३५ वॅटचं एक पॅनल, ३० अँपचा एमपीपीटी (सोलर चार्ज कंट्रोलर), १००० वॅटचा इन्व्हर्टर. अल्टरनेटरकडून मागे ६ स्क्वेअर एमएमची वायर, मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले. फिरती सागरी मार्गानेच: दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, वेळणेश्वर, मग तवसाळ-जयगड करून गणपतीपुळे.
डिस्प्ले ६० टक्के दाखवतो, पण मिक्सर लावला की 'लो बॅटरी'चा भोंगा. गाडी चालू असताना चार्जिंग ५ अँपच्या वर जात नाही. आणि माडाखाली लावली की भर दुपारी सोलर शून्य. बॅटरीच खराब निघाली का?

खारा_वारा
बॅटरीवर एवढ्यात संशय नको. ६० टक्क्यांना एलएफपी बिनभाराची १३.१-१३.२ दाखवते आणि ७० अँप ओढले तरी १२.८च्या आसपास टिकते. इन्व्हर्टर बघतो ते स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. मधल्या वाटेत कुठे गळतंय ते शोधा.
मिक्सर लावून मोजू नका, त्याचा भार वरखाली होतो. ७५० वॅटची इस्त्री लावा, थर्मोस्टॅट पूर्ण वर. साधारण ७० अँपची स्थिर ओढ मिळेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पोस्टवर (वायरच्या टोकाला दाबलेल्या लगवर नव्हे, खुद्द पोस्टच्या धातूवर) आणि दुसरं लगवर. मग फ्यूजच्या दोन बाजू, स्विचच्या दोन बाजू, असा एकेक सांधा घेत जा. निगेटिव्ह बाजूही मोजा, तिथेच लोक कंटाळा करतात. एका सांध्यावर ०.०५ व्होल्टच्या वर दिसलं की तो उघडायचाच.

चाकावरचं_घर
मोजलं. बॅटरी पोस्टवर १२.९, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११.२. फ्यूज होल्डरवर ०.५, चासीला बोल्ट केलेल्या निगेटिव्हवर ०.९. तो बोल्ट उघडला तर लगखाली हिरवी पूड, आणि लग नि चासीच्या मध्ये लोखंडी वॉशर, पार गंजलेला.

खारा_वारा
सापडलं की! ०.५ व्होल्ट गुणिले ७० अँप म्हणजे ३५ वॅट: फ्यूज होल्डरमध्ये सोल्डरिंग आयर्न खोचून ठेवल्यागत. चासीच्या बोल्टवर तर ६३ वॅट.
आधी इन्व्हर्टर बंद, मग एमपीपीटीकडचं पॅनल सोडवा, मग बॅटरीचा निगेटिव्ह. चासीचा नाद सोडून इन्व्हर्टरच्या निगेटिव्हपासून थेट शंटपर्यंत (बॅटरीच्या निगेटिव्हवरचा, करंट मोजून डिस्प्लेला सांगणारा तुकडा) ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा. जुन्या वायरची टोकं सोलून पाहा. आतलं तांबं काळं असेल तर लखलखीत लागेपर्यंत कापत जा. खारं पाणी इन्सुलेशनखालून बरंच आत जातं. लग टिन केलेलेच घ्या, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा (हातोडीने नव्हे!), वर गोंदवाली हीट श्रिंक. लग थेट पोस्टला चिकटला पाहिजे; वॉशर त्याच्या वर, खाली कधीच नाही. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यावर बाहेरून. फ्यूज १५० अँपचा एएनएल, नव्या होल्डरसकट.
तुमच्या डिस्प्लेचे ६० टक्केही तपासा. चासीची वायर शंट टाळून सरळ बॅटरीला गेली असेल तर इन्व्हर्टरने खाल्लेलं शंटच्या हिशेबात आलेलंच नाही. बॅटरी पोस्टवर शंटखेरीज एकही निगेटिव्ह नको. मग बॅटरी एकदा पूर्ण भरून डिस्प्ले १०० टक्क्यांवर सिंक करा.

बॉनेटखाली
५ अँपचं कारण गणितातच आहे. ६ मीटर जाणं नि चासीऐवजी वायरनेच परत येणं धरलं तर १२ मीटर, ६ स्क्वेअर एमएमला ०.०३५ ओहम. गंजलेले सांधे धरून ०.१च्या आसपास. स्टार्टरची बॅटरी भरली की अल्टरनेटर १३.७ला उतरतो, तुमची एलएफपी बसलीय १३.२वर. अर्धा व्होल्ट भागिले ०.१, आले ५ अँप.
पण नुसती जाड वायर टाकून मोकळे होऊ नका. रिकामी एलएफपी मिळेल तेवढं ओढते. फेरीच्या रांगेत एप्रिलच्या उन्हात इंजिन आयडलवर, पंखा हळू, आणि अल्टरनेटर भाजतो. रिले काढून ३० अँपचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. तो मागच्या बॅटरीजवळ बसवा, १६ किंवा २५ स्क्वेअर एमएमची वायर, दोन्ही टोकांना ६० अँपचे फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरीच आहे. इग्निशनची सिग्नल वायर द्यायला विसरू नका, नाहीतर अल्टरनेटर उतरला की चार्जर झोपतो. सेटिंग १४.२ ते १४.४, टेम्परेचर कॉम्पेन्सेशन बंद. दोन तासांच्या ड्राइव्हला ६० एएच मिळतात. ४५ वॅटचा फ्रिज अर्धा वेळ चालला तरी दिवसाला ४२ एएच खातो, त्यावर पंखा.

माडाची_सावली
सोलरचं राहिलं. ७२ सेलच्या पॅनलमध्ये बायपास डायोडचे (सावलीतला भाग वगळून करंट वळवणारे) तीन भाग असतात, प्रत्येकाचे साधारण १२-१३ व्होल्ट. एकावर झावळीची सावली पडली तर एक तृतीयांश गेलं, चालतं. दोन भागांवर पडली तर उरलेल्या १२ व्होल्टांत एमपीपीटी सुरूच होत नाही, त्याला बॅटरीपेक्षा वर लागतं. म्हणून थेट शून्य. गाडी चार पावलं पुढे घ्या. शिवाय माडाखाली पॅनल लावणं म्हणजे नारळाला आमंत्रण. काचेवर मिठाचा थर बसतो, सकाळी काच गार असताना गोड्या पाण्याने धुवा.

खारा_वारा
होमस्टेमध्ये लाईट लावून चार्ज करणार असाल तर जुना ट्यूब्युलरचा चार्जर फेका. त्याचा इक्वलायझेशन मोड १५.५ व्होल्टपर्यंत जातो. एलएफपीचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) तिथे चार्जिंग तोडतो. २० अँपचा एलएफपी चार्जर भिंतीतून जेमतेम दीड अँप घेतो, पण २.५ स्क्वेअर एमएमची एक्स्टेन्शन गुंडाळलेली ठेवू नका. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यात अर्थिंग नावालाच असतं, त्यामुळे गाडीत ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. आणि पत्र्यात करंट उतरलाय का ते बघायला टेस्टर गाडीच्या पत्र्याला जोडण्याआधी नाही, जोडल्यानंतर लावायचा.