नानांच्या बियाण्याची भरिताची वांगी: शेंडे माना टाकतायत, आणि बी कसं धरू?

पारोळ्याची सून

नमस्कार. आमचं घर पारोळ्याजवळच्या खेड्यात. घरामागे वीस बाय तीस फुटांचं परस आहे, जमीन काळी. ते सगळं माझे सासरे बघायचे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. फाल्गुनात नाना गेले. तोवर माझा परसाशी संबंध भाजी तोडून आणण्यापुरताच होता.

ज्येष्ठात कोनाडा आवरताना राखेच्या डब्यात त्यांची पुरचुंडी सापडली. वांग्याचं बी, भरिताचं, हिरव्या सालीवर पांढऱ्या रेघा येतात ते. रोप टाकलं, आषाढात चौदा रोपं लावली, नऊ जगली. आता झाडं कमरेएवढी झालीत. फुलं आहेत, सुपारीएवढी फळंही धरलीत. पण चार दिवसांपासून तीन झाडांचे शेंडे माना टाकतायत. संध्याकाळी भरपूर पाणी दिलं तरी उठत नाहीत. पाणी आणखी वाढवू का?

नाना चातुर्मास लागला की वांगं सोडायचे, ते थेट चंपाषष्ठीला. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मगच पहिला घास. यंदाचा नैवेद्य याच झाडांचा व्हावा आणि बीही मागे राहावं, असं फार मनात आहे. पण बी कुठल्या फळाचं धरतात हेच मला ठाऊक नाही.

बाकीचंही विचारून घेते. गिलक्याच्या पानांवर पांढरी पिठी आलीय, वेल उपटू का? गंगाफळं सहा आहेत, तोडू की राहू देऊ? दसऱ्याला पेरलेली कोथिंबीर उगवलीच नाही. आणि लसूण कधी लावायचा?

तापीकाठ

ताई, पाणी वाढवू नका. काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचलं तर उरलेली झाडंही जातील. संध्याकाळी जो शेंडा उठत नाही, त्यात अळी आहे. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी म्हणतात ती हीच. आज शेंड्यात आहे, आठवड्याने तुमच्या सुपारीएवढ्या फळांत शिरेल.

सुकलेला शेंडा खाली दोन बोटं हिरवा भाग घेऊन कापा. उभा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी दिसेल. कापलेले शेंडे उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका, चुलीत घाला. रोज सकाळी चहा घेऊन एक चक्कर मारा आणि नवा सुकलेला शेंडा दिसला की लगेच काढा. नऊ झाडांना एवढं पुरतं. जोडीला निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घालून उन्हं कलल्यावर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

एखाद्या झाडाची पानं बारीक होऊन झुपका धरत असतील, तर मात्र ते झाड मुळासकट उपटा. तो पर्णगुच्छ, तुडतुडे पसरवतात. त्याचं बी धरायचा तर विचारही नको.

लसूण दसऱ्यानंतर लगेच लावला तरी चालतो, आम्ही लावतो.

अमळनेरची माय

लसणाबाबत मला दादांचं पटत नाही. नदीकाठी लवकर गारवा येत असेल. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळलेल्या जमिनीत पाकळी कुजते, मी दोन वर्षं हात पोळून घेतलेत. दिवाळी होऊ द्या. पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटली की लावा. गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्या घ्यायच्या, टोक वर, चार बोटं अंतर.

कोथिंबिरीचंही तेच, ऊन. शिवाय धणे अख्खे पेरलेत ना? फळीवर चपलेने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, पेरा आणि वर ओलं पोतं अंथरा. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसले की पोतं संध्याकाळी काढायचं. तोवर मेथी टाका, ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्यात भाजी होते.

गंगाफळाला नख लावून बघा. नख रुतलं तर कोवळं आहे. देठ वाळून खडबडीत झाला असेल तर चार बोटं देठ ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका, देठ मोडला की तिथूनच सडतं. माळ्यावर तुराट्यांवर ठेवा, एकमेकांना टेकवू नका.

गिलक्याला भुरी आलीय. पांढरी पानं काढा, पण वेल इतक्यात उपटू नका. दोन मोठी गिलकी वेलावरच वाळू द्या. हलवली की खुळखुळ वाजतात. मग टोकाची टोपी काढून उलटी केली की काळं बी आपोआप पडतं. उरलेली जाळी भांडी घासायला.

राखेतलं बी

बियाण्याचं सांगतो. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हे वाण टिकलं ते तुमच्या नानांसारख्यांच्या पुरचुंड्यांमुळे.

हंगामाच्या शेवटी उरलेलं फळ बियाण्याला ठेवतात ती चूक. सगळ्यात निरोगी झाड निवडा. अळी नाही, फळ भरदार, रेघा ठसठशीत. त्यावरचं दुसरं-तिसरं फळ राखा. आसपास काटेरी वांगी असतील तर मधमाश्या पराग मिसळतात, म्हणून फूल उमलण्याआधीच कळीवर मलमलची छोटी पिशवी बांधा. सकाळी पिशवीवरून हलकी टिचकी मारायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. फळ पूर्ण पिवळं होईपर्यंत झाडावरच. तोडून आठवडाभर सावलीत ठेवा, मग गर पाण्यात कुस्करा. जड बी तळाशी बसतं, तरंगतं ते फेका. ताटात सावलीत वाळवा आणि राखेत ठेवा.

पारोळ्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळीच शेंडे कापले. पहिलाच चिरला तर काडी आतून पोकळ, काळा भुसा, आणि तांदळाएवढी गुलाबी अळी. अकरा शेंडे निघाले, सगळे चुलीत घातले. झुपका धरलेलं झाड एकही नाही.

शेजारच्या काकूंकडे काटेरी वांगी आहेत, म्हणून नानांच्या जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या. विहिरीकडच्या झाडाच्या तीन कळ्यांना बांधल्यात. नैवेद्यासाठी बाकी आठ झाडं आहेत. गंगाफळाला नख लावलं, चार तयार आहेत. उद्या उतरवते.