जिंजर बिअरच्या बाटल्या उन्हाळ्यात फुगतायत, काय करू?

मांजलपूरची_सून
मंडळी, मदत हवीय. घरी जिंजर बिअर करते. विरजण घरचंच: बरणीत सालासकट किसलेलं आलं, साखर, पाणी, आणि रोज चमचा-चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. थंडीत झकास जमायचं. आता मे महिना, स्वयंपाकघराची भट्टी झालीय. काल सकाळी भरलेली बाटली रात्रीच दगडासारखी टणक. उघडली तर अर्धी ओट्यावर, मिक्सरच्या बटणांतसुद्धा गेली. साखर लिटरला 100 ग्रॅम घालते. त्यात सासूबाईंनी विचारलं, "यात दारू तर होत नाही ना गं?" आपल्या वडोदऱ्यात दारूबंदी, उगाच भलतं काही नको. फसफस हवी, दारू नको, असं जमतं का?

रावपुरा_एक्स्प्रेस
बाटलीत दोन मनुका टाक. तरंगून वर आल्या की लगेच फ्रिजमध्ये. एवढं शास्त्र कशाला?

दांडियाबाजारचे_काका
मनुका चालतील, पण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मनुका देणार नाहीत.

सूनबाई, दारू अजिबात नाही आणि फसफस भरपूर, हे होणे नाही. यीस्ट साखर खातं आणि वायू व अल्कोहोल जवळजवळ सारख्या वजनाने देतं. हिशेब मांडतो (जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंय, खोड जात नाही). लिटरमागे 8 ग्रॅम साखर खर्ची पडली की साधारण 4 ग्रॅम वायू आणि 4 ग्रॅम अल्कोहोल. फसफसायला तेवढा वायू पुरतो, आणि अल्कोहोल होतं अर्धा टक्का. म्हणजे तुझ्या 100 ग्रॅममधली एवढीशीच साखर जायला हवी, उरलेली गोडीला. सगळी संपू दिलीस तर अल्कोहोल सहा टक्क्यांच्या वर, चांगली कडक बिअरच की! अर्थात त्याच्या कितीतरी आधी बाटली फुटेल. तेव्हा सासूबाईंना खरं सांग: थोडी होते, थांबवली तर थोडीच राहते.

आमचे जावई पर्थला घरी बिअर करतात, तिकडे मुभा आहे. त्यांचं काम उलटं. ते ड्रममध्ये साखर पूर्ण संपू देतात, हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी, साखर संपेल तसा तिचा आकडा उतरतो) आकडा काही दिवस हलला नाही की मगच बाटल्या भरतात, आणि फसफशीपुरती लिटरला 6-7 ग्रॅम साखर मोजून घालतात. एवढीच असल्यामुळे बाटली फुटायची भीती नाही. तापमानाचं मात्र त्यांना वेड. एल जातीच्या बिअरचं यीस्ट 18 ते 20 अंशांत ठेवायचं; 30 च्या वर गेलं तर थिनरसारखा वास आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी. ड्रम पाण्याच्या टबात, वर ओला टॉवेल, समोर पंखा.

ही युक्ती तुला मेमध्ये लागू पडेल, हवा कोरडी आहे. जुलैत दमट हवेत टॉवेल सुकतच नाही, मग गारवा कुठून येणार? तेव्हा थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ केलेली पाण्याची बाटली ठेव आणि सकाळ-संध्याकाळ बदल. विरजणाची बरणीही भरात आली की फ्रिजमध्ये ठेव आणि आठवड्यातून एकदा खायला घाल.

पाणी, साखर, आलं उकळून पूर्ण गार होऊ दे, मगच विरजण आणि लिंबू. गरम पाण्यात यीस्ट मरतं.

मांजलपूरची_सून
काका, हायड्रोमीटर नाही, पण घरी दुधाचा लॅक्टोमीटर आहे. चालेल?

दांडियाबाजारचे_काका
प्रश्न आवडला. आकडे असलेला असेल तर घनता तो दाखवतो, 100 ग्रॅम साखरेचं पाणी 38 च्या आसपास येईल. पण 8 ग्रॅम साखर गेली की आकडा जेमतेम तीन-चारने उतरतो, आणि बुडबुडे नळीला चिकटून ती वर उचलतात. तुझ्या कामाला त्यापेक्षा बोट बरं. प्रत्येक खेपेला एक बाटली प्लास्टिकची भर, कोल्ड्रिंकची रिकामी असते ती. दाबून बघत राहा. आत जाईना झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नको, मागे गार भागात. उन्हाळ्यात दर दोन-तीन तासांनी दाब. रात्री झोपायच्या आधी शंका आली तर सरळ आत टाक.

फ्रिजमध्येही यीस्ट मरत नाही, पेंगतं. आठवडाभरात संपव. आणि चौकोनी काचेच्या शोभेच्या बाटल्या घेऊ नकोस, दाबाला त्या कोपऱ्यातून तडकतात.

रावपुरा_एक्स्प्रेस
काका, मनुकांचं काय?

दांडियाबाजारचे_काका
खा.