गोविंदरावांच्या चालींसाठी रसिकांकडे पैसे मागावेत का?

पेटीवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पेटी वाजवतो. भजनं, भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतलं नाट्यसंगीत, मिळेल ती साथ. पेटीवादक-संगीतकार गोविंदराव टेंबे माझं दैवत. ते १९५५ साली गेले, मी त्यांना कुठून पाहणार? पण हात पेटीवर बसला तो त्यांनी ‘मानापमान’ या संगीत नाटकाला दिलेल्या चाली घोकत.

त्यातल्या आठ चाली शब्दांशिवाय, नुसत्या पेटीवर आणि तबल्यावर ध्वनिमुद्रित करायच्या मनात आहेत. दोन पायपेटीवर. पायपेटी जुनी मिळाली आहे, पण भाता फाटलाय आणि अर्धे सूर बसलेत. तिची दुरुस्ती, स्टुडिओचे चार दिवस, तबलजींची बिदागी, मिक्सिंग असा सगळा हिशेब दोन लाख दहा हजारांवर जातो. साठ हजार माझे आहेत. उरलेले दीड लाख रसिकांकडे मागावेत, असं म्हणतोय. आवाहनाचं चित्रही तयार आहे, वर गोविंदरावांचा फोटो, खाली माझा यूपीआय क्रमांक.

वडील म्हणाले, “वर्गणी गणपतीची मागतात. आपल्या हौसेची नाही.” दोन दिवस घरात अबोला आहे. तुमचं मत सांगा, स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

नाट्यवेडा:
स्पष्टच सांगतो, वडील बरोबर आहेत. ज्यांचं नाव घेताय त्यांचं चरित्र बघा. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस या नटांबरोबर गंधर्व नाटक मंडळीत भागीदार झाले. पुढे स्वतःची शिवराज मंडळी काढली, ती काही टिकली नाही. मग १९३२ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिलं आणि वर हरिश्चंद्र म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. धंदा केला, खोट खाल्ली, परत उभे राहिले. कलावंताने तिकीट लावावं, लोकांनी ते काढावं किंवा काढू नये. भीक मागून आदरांजली होत नसते.

दादरची_मावशी:
भीक हा शब्द मागे घ्या हो. तिकीट म्हणजे तरी काय? पडदा वर जायच्या आधी घेतलेले पैसेच ना? हा मुलगा तेच करतोय, फक्त पडदा सहा महिन्यांनी वर जाणार आहे. आणि ‘मानापमान’चंच नाव काढलंत म्हणून सांगते, ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात संयुक्त ‘मानापमान’ झालं. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव भोसले नायक धैर्यधर. ते कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी! लोकांनी चढ्या दराने तिकिटं काढली.

नाट्यवेडा:
मावशी, तो देशाचा फंड होता. हा एका माणसाच्या भात्याचा आहे. शिवाय तिथे लोकांना त्याच रात्री दोन दिग्गज एका रंगमंचावर ऐकायला मिळाले. इथे काय मिळणार, तर आश्वासन.

सारंगीप्रेमी:
पैशाचं नंतर बघू. मुळात ‘मानापमान’ पेटीवर कशाला? त्या चालींवर पूरब बाजाच्या, म्हणजे बनारसकडच्या ढंगाच्या, ठुमरी-कजरीची छाप आहे, सगळा खेळ मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचा, आणि शब्द लाडाने फिरवण्याचा. पेटीची पट्टी दाबली की सूर जिथे आहे तिथेच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती उगीच नव्हे. दीड लाखात गाणारा माणूस घ्या.

पेटीवाला_कोल्हापूर:
सारंगीप्रेमी, ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली, बातमी अजून पोचलेली दिसत नाही. :) पेटीवर मींड नाही हे कबूल. पण या चाली बांधणारा माणूस स्वतः पेटीवाला होता, गायक भास्करबुवा बखल्यांची साथ केलेला. मींड नाही म्हणून तो अडला नाही. कणस्वराने, म्हणजे शेजारच्या सुराला ओझरता स्पर्श करून, भात्यावरच्या दाबाने, दोन सुरांमधली फट बुजवता येते. ‘चंद्रिका ही जणू’ हे आरभीतलं पद मला पेटीवरच नीट कळलं. मूळच्या कर्नाटकी रागाचे ते सरळ तुटक सूर पेटीला फार शोभतात. ‘युवती मना’ कठीण आहे, हमीर रागाचा धैवत पेटीवर उपरा वाटतो. म्हणून ते पायपेटीवर घ्यायचं आहे, तिथे भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

सारंगीप्रेमी:
हमीरच्या धैवताबद्दल एवढा विचार केला असेल तर ऐकेन. विकत घेऊन ऐकेन, देणगी देणार नाही.

हिशेबनीस:
व्यवसायाने सीए आहे म्हणून कोरडं लिहितो. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी एकूण पन्नास हजारांच्या वर गेल्या, की वरचीच नव्हे, सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. दीड लाख भेट म्हणून घेतलेत तर तो प्रश्न येणार. त्याऐवजी आगाऊ नोंदणी घ्या. अमुक रुपयांत संपूर्ण ध्वनिमुद्रण, अमुक रुपयांत त्याबरोबर छापील पुस्तिका. मग तो तुमचा व्यवसाय, खर्च वजा होतो. जीएसटीच्या मर्यादेपासून तुम्ही कोसभर दूर आहात. मात्र ठरल्या तारखेला माल दिला नाहीत, तर पैसे परत करावे लागतील, हेही लिहून ठेवा.

जर्सीचा_जोशी:
मी पाठवायला तयार आहे. पासपोर्ट अमेरिकन आहे, काही अडचण?

हिशेबनीस:
देणगी म्हणून पाठवलीत तर अडचण आहे. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसाने बँकेतून पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे ठरू शकतात. नेहमीच्या व्यवहारात वस्तूची किंमत म्हणून दिलेत तर ती देणगी नाही. म्हणजे फिरून तेच, विकत घ्या.

दादरची_मावशी:
आणि चालींचे हक्क कुणाकडे? उद्या कुणी कंपनी दारात यायची.

पेटीवाला_कोल्हापूर:
ते विचारून घेतलंय मावशी. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. नाटक आणि पदं लिहिणारे काकासाहेब खाडिलकर १९४८ ला गेले आणि शब्द तर मी वापरतच नाही. गोविंदराव १९५५ ला गेले, म्हणजे २०१५ अखेर मुदत संपली. चाली आता सगळ्यांच्या. दुसऱ्याचं जुनं ध्वनिमुद्रण उचलायचं नाही, एवढं पथ्य. तरी मागे एका व्हिडिओ साईटवर माझं स्वतःचं वादन टाकलं, तर यंत्राने ते दुसऱ्याच्या नावावर लावलं होतं. आठवडाभर पत्रापत्री.

नाट्यवेडा:
चाली सगळ्यांच्या झाल्या म्हणता, मग माझा मुद्दा पक्काच झाला. गोविंदरावांच्या घरच्यांना यातून काही जाणार नाही, पैसा तुम्हाला आणि स्टुडिओला. तरी आवाहनावर चेहरा त्यांचा! त्यात दैवताचा मान कुठे आला? कोल्हापुरात देवल क्लब या संगीतसंस्थेत त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तिथे एक संध्याकाळ वाजवा, तिकीट लावा, लोकांना आधी ऐकवा. मग म्हणा, हेच स्टुडिओत करायचंय.

रांगडा_भावा:
भावा, मी कोल्हापूरचाच. नाट्यवेडा काका बोलतात कडू पण शेवटचं बोलले ते खरं. फोटो काढ. तुझी पेटी ऐकून लोक देतील, देवाचा फोटो बघून दिलेले अकरा रुपयेच असतात.

पेटीवाला_कोल्हापूर:
फोटोचं लागलं मनाला. चित्र काढून टाकलं. आता असं ठरवतोय: आधी एक चाल, ‘रवि मी’, घरीच मुद्रित करून सगळ्यांना फुकट ऐकायला ठेवायची. नाव ‘मानापमानच्या चाली’, वादक म्हणून माझं आणि तबलजींचं. आवडली तर बाकीच्या सातांची आगाऊ नोंदणी, तीनशे रुपये, पाचशे जणांची. खर्चाचा कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवीन. नोंदणी तीन महिन्यांत भरली नाही तर सगळ्यांचे पैसे परत. पायपेटीचा भाता माझ्या साठ हजारांतून, त्यासाठी कुणाकडे मागणार नाही.

नाट्यवेडा:
हे विक्रीत बसतं. वर्गणीला माझा विरोध कायम. ‘रवि मी’ कुठल्या पट्टीत घेताय, म्हणजे सा कुठे धरताय?

पेटीवाला_कोल्हापूर:
काळी एक, सप्तकातली पहिली काळी पट्टी.

सारंगीप्रेमी:
राग तिलककामोद आणि काळी एक? काळी चारमध्ये घ्या. खर्जाकडे उतरताना तुमच्या पेटीचे खालचे सूर बोंबलतील.

पेटीवाला_कोल्हापूर:
खालचे सूर मागच्याच महिन्यात बदलून घेतलेत. दोन्ही पट्ट्यांत वाजवून टाकतो रविवारी, मग भांडू.